येलहंक्याच्या आकाशाखाली

बेंगळुरूच्या उत्तरेला, विमानतळाकडे जाणाऱ्या बल्लारी रस्त्यावर येलहंका लागतं. तिथल्या हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून ‘एरो इंडिया’ भरतो. २००१ पासून तो विषम सालच्या फेब्रुवारीत असतो आणि साधारण पाच दिवस चालतो. पहिले तीन दिवस कंपन्या, सेनाधिकारी आणि परदेशी शिष्टमंडळांचे, शेवटचे दोन तुमच्याआमच्यासारख्यांचे. पंधरावा एरो इंडिया २०२५ मध्ये १० ते १४ फेब्रुवारीला झाला. आम्ही चौघा मित्रांनी शेवटचा शुक्रवार धरला. गुरुवारी रात्री पुण्याहून बस, शुक्रवारचा अख्खा दिवस येलहंक्यात आणि त्याच रात्री परतीची बस. एकाच दिवसाची सुट्टी टाकून जमणारी ही सहल आहे आणि विमानांची थोडी जरी ओढ असेल, तर दोन रात्रींचा बसप्रवास अजिबात जड जात नाही.

चौघांची ओढ मात्र वेगवेगळी होती. एकाला फोटो काढायचे होते. दुसऱ्याचं भोसरीत सीएनसी मशिनचं छोटं वर्कशॉप आहे, त्याला सुटे भाग आणि जोडकाम जवळून बघायचं होतं. तिसऱ्याची भाची खडकवासल्याला एनडीएत आहे आणि तिला हवाई दलात जायचंय. बस साताऱ्याच्या पुढे गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, “ही पोरं पहिल्यांदा विमान चालवायला शिकतात, ते कुठलं विमान असतं रे?” त्या एका प्रश्नामुळे पुढचा सगळा दिवस मी वेगळ्या नजरेने पाहिला. म्हणून हा लेखही सुखोई आणि राफेलपेक्षा जास्त त्या पहिल्या विमानाबद्दल आहे.

तिकिटं आधीच ऑनलाइन काढावी लागतात आणि कुठलं घ्यायचं ते नीट समजून घ्यावं. २०२५ मध्ये नुसती उड्डाणं पाहायचं तिकीट १००० रुपयांचं होतं. त्यावर धावपट्टीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात प्रवेश मिळतो, पण प्रदर्शनाचे हॉल आणि जमिनीवर मांडून ठेवलेली विमानं पाहता येत नाहीत. त्यासाठी २५०० रुपयांचं तिकीट होतं. आम्ही महागडंच घेतलं आणि तेच योग्य ठरलं. आकाशातलं विमान दोन-चार मिनिटं दिसतं. त्याच्या पोटाखाली उभं राहून रिव्हेटांच्या ओळी पाहण्यात तासच्या तास जातात.

यशवंतपूरला उतरून, तोंडावर पाणी मारून, इडली-वडा आणि कॉफी पोटात घालून आम्ही निघालो. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी कृषी विद्यापीठाच्या आवारात आणि जक्कूरला वाहनतळ केले होते आणि तिथून महानगर परिवहनच्या बसगाड्या प्रेक्षकांना फुकट आत सोडत होत्या. हेब्बाळच्या पुलापासूनच वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा भल्या पहाटे निघणं हाच उपाय. विमानाने येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: सराव आणि कसरती चालू असताना केंपेगौडा विमानतळाची उड्डाणं ठरावीक वेळेत बंद ठेवतात.

नाश्त्याच्या टेबलावर कळलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रदर्शनाच्या आधीपासून तळाभोवतीच्या १३ किलोमीटरच्या परिसरात मांस-मच्छीची दुकानं आणि सामिष जेवण बंद ठेवण्याचा आदेश महापालिकेने काढला होता. कारण घारी. उघड्यावर टाकलेल्या मांसाच्या तुकड्यांवर घारी जमतात आणि कमी उंचीवरून ताशी सात-आठशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात एक घार शिरली, तरी विमान आणि वैमानिक दोन्ही जाऊ शकतात. शहरातला कचरा आणि हवाई सुरक्षा यांचा इतका थेट संबंध असतो, हे तिथे चटकन पटतं.

सकाळी एक आणि दुपारी एक अशी दोन सत्रं होती. सुरुवात झाली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचावर आहे. हवा थंड वाटते, पण मोकळ्या मैदानात फेब्रुवारीचं ऊन टाळू भाजतं. टोपी आणि पाणी हवंच, कानात घालायला बोळे त्याहून हवेत. लढाऊ विमानाचा आवाज कानाला ऐकू येण्याआधी छातीत जाणवतो. आमच्या पुढे बसलेली एक छोटी मुलगी सुखोईच्या आवाजाने दचकून बापाच्या शर्टात तोंड खुपसून बसली. पाच मिनिटांनी तिनेच मान वर करून विचारलं, “पुन्हा कधी येणार?”

सुखोई-३० एमकेआय हे जवळपास २२ मीटर लांबीचं धूड. आफ्टरबर्नर पेटवून ते उठतं तेव्हा शेपटीमागे केशरी ज्वाळा दिसतात. त्याच्या इंजिनांची तोंडं हलवता येतात, म्हणून एवढं मोठं विमान नाक वर करून जवळजवळ जागच्या जागी थबकल्यासारखं दिसतं आणि मग अंगावर कलंडत वळतं. महाराष्ट्रातल्या माणसाने हे पाहताना एक जाणून असावं: हवाई दलातली बहुतेक सुखोई रशियन परवान्याखाली नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या म्हणजे एचएएलच्या कारखान्यात जुळवली गेली आहेत. त्याआधी मिग-२१ सुद्धा तिथेच होत होती. द्राक्षाच्या मळ्यांमधून ओझरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आपण कितीदा जातो, पण आत काय घडतं याचा अंदाज येलहंक्यात येतो.

तेजस त्या मानाने छोटं, जेमतेम तेरा मीटरचं. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान वळताना फार देखणं दिसतं. आवळून घेतलेलं वळण, त्रिकोणी पंखांवर क्षणभर उमटणारी पांढरी वाफ आणि लगेच पुढची कसरत. पंखांवरची हवा अचानक विरळ आणि थंड होते, तिच्यातल्या ओलाव्याची ती वाफ बनते. आमच्या फोटोवाल्या मित्राला ती एका फोटोत सापडली. तो एक फोटो त्याने दुपारभर आम्हाला दाखवला आणि दाखवावा असाच तो होता.

रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ ही पाचव्या पिढीची दोन्ही विमानं भारतातल्या प्रदर्शनात एकत्र आली, ती त्या वर्षी पहिल्यांदा. दूरचित्रवाणीवर आठवडाभर त्याचीच चर्चा होती. सुखोई-५७ ने आकाशात जे केलं ते थक्क करणारं होतं, यात वाद नाही. सारंग हा हेलिकॉप्टरांचा संघ मात्र त्या वेळी नव्हता. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तीन जण गेले आणि देशातली सगळी ध्रुव हेलिकॉप्टरं तपासणीसाठी जमिनीवर ठेवली गेली. सारंग ध्रुवच उडवतो. प्रेक्षकांची निराशा झाली, पण कारण सापडेपर्यंत उडायचं नाही हा निर्णय बरोबरच होता.

आणि मग एचटीटी-४० आलं.

पुढे पंखा असलेलं, दोन माणसांचं, तुलनेने हळू जाणारं टर्बोप्रॉप. गर्दीतले निम्मे लोक त्या वेळी पाण्याच्या बाटल्या आणायला उठले. मी भाचीच्या मामाला कोपराने ढोसलं. “तू विचारत होतास ना, बघ. अजून ताफ्यात आलेलं नाही, पण उद्याचं पहिलं विमान हेच.” ते धावपट्टीवरून पटकन उठलं, गोलांटी घेऊन उलटं झालं, तसंच काही क्षण सरळ गेलं, मग वर चढून कुशीवर वळलं. हे सगळं इतक्या ओळखू येईल अशा वेगात चाललं होतं, की वैमानिक आता काय करतोय ते साध्या डोळ्यांनी समजत होतं.

या विमानाच्या मागे एक दुखरी गोष्ट आहे. हवाई दलाच्या नव्या मुलांना पहिले धडे देण्यासाठी एचपीटी-३२ दीपक नावाचं विमान होतं. त्याचं इंजिन हवेत बंद पडायचं, आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची त्यात नव्हतीच. अपघातांमागून अपघात झाले, शिकणारे आणि शिकवणारे दोघेही गेले आणि २००९ मध्ये तो सगळा ताफा बंद करावा लागला. मग नवशिक्यांना थेट किरण या जेट विमानावर बसवायची वेळ आली. त्यासाठी विमानं पुरेनात. त्या टंचाईत ‘सूर्यकिरण’ या हवाई दलाच्या कसरतपथकाची किरण विमानं शिकवणीसाठी काढून घेतली गेली आणि २०११ च्या एरो इंडियानंतर १९९६ साली जन्मलेलं ते पथक थांबलं. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडकडून ७५ पिलाटस पीसी-७ विमानं घेण्याचा करार झाला. देशात बनत असलेल्या एचटीटी-४० ची गरजच नाही, असं तेव्हा पुष्कळांचं मत होतं. एचएएलने मात्र स्वतःचे पैसे घालून काम चालू ठेवलं. ३१ मे २०१६ ला विमान उडालं, पुढे गिरक्या घेत खाली येण्याच्या अवघड चाचण्या त्याने पार केल्या आणि मार्च २०२३ मध्ये हवाई दलाने ७० विमानांची मागणी नोंदवली. जे काम थांबवलं असतं तरी फारसं कुणी विचारलं नसतं, ते त्या अभियंत्यांनी तडीस नेलं. मला हे सुखोई-५७ पेक्षा मोठं वाटतं.

सूर्यकिरण पथक २०१५ मध्ये पुन्हा उभं राहिलं, आता हॉक विमानांवर. हॉक हेसुद्धा प्रशिक्षणाचंच विमान आहे. बिदरच्या तळावर भावी लढाऊ वैमानिक त्यावर शिकतात आणि पथकातले बहुतेक वैमानिक मूळचे प्रशिक्षक आहेत. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ विमानं एका साच्यातून काढल्यासारखी आली. दोन पंखांच्या टोकांमध्ये पाच मीटरहूनही कमी अंतर. मागच्या विमानाचा वैमानिक जमिनीकडे, क्षितिजाकडे पाहत नाही. त्याची नजर पुढच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणेवर खिळलेली असते आणि दिशा, उंची, वेळ हे सगळं म्होरक्याच्या आवाजावर चालतं. नळकांडीतून निघणाऱ्या गरम वायूत डिझेल सोडलं की पांढरा धूर होतो, त्यात रंग मिसळले की केशरी आणि हिरवा. हा तिरंगी धूर सोडणारी यंत्रणा नाशिकच्या हवाई दल दुरुस्ती आगारात तयार झाली आहे. दोन विमानांनी आकाशात बदाम काढला तेव्हा सगळ्यात मोठा गलका झाला, पण माझं लक्ष त्याआधीच्या क्षणाकडे होतं. समोरासमोरून आलेली दोन विमानं एकमेकांना ओलांडून गेली आणि आमच्या वर्कशॉपवाल्या मित्राच्या तोंडून निघालं, “एवढा टॉलरन्स आम्ही लोखंडात पाळताना घाम फुटतो रे.”

याच धावपट्टीच्या वर १९ फेब्रुवारी २०१९ ला सराव करताना सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. हवाई कसरत पाहताना टाळ्या वाजवाव्यातच, पण वर काय पणाला लागलेलं असतं याचा विसर पडू देऊ नये.

दुपारी आम्ही मांडून ठेवलेल्या विमानांकडे गेलो. एफ-३५ भोवती दोर बांधलेला, पहारा आणि मोबाइल उंचावलेल्या हातांचं जंगल. देशी पाचव्या पिढीच्या एएमसीए विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती पहिल्यांदाच ठेवली होती, तिथेही रांग. एचटीटी-४० जवळ मात्र निवांतपणा. जवळून पाहिलं तर त्यात एकामागे एक दोन खुर्च्या. मागची थोडी उंच, कारण शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या डोक्यावरून पुढचं दिसलं पाहिजे. दोन्ही खुर्च्यांवर, मांड्यांच्या मध्ये येईल अशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मूठ. ती ओढली की वरचं आवरण फुटतं आणि खुर्ची माणसासकट बाहेर फेकली जाते. विमान जमिनीवर उभं असलं, तरीही हवाई छत्री उघडेल इतक्या उंचीवर. दीपकमध्ये जी नव्हती, ती ही खुर्ची. भाचीचा मामा बराच वेळ त्या मुठीकडे पाहत उभा होता. नंतर त्याने फक्त तिचाच फोटो काढला आणि बहिणीला पाठवला.

तिथून जवळच एचएएलचं एचजेटी-३६ होतं. २००३ पासून रखडलेलं हे जेट किरणची जागा घेण्यासाठी होतं. गिरकीतून बाहेर काढण्याची अडचण सुटायला वर्षानुवर्षं गेली आणि याच प्रदर्शनात त्याला ‘यशस’ हे नवं नाव दिलं गेलं. दरम्यान किरण विमानं म्हातारी होऊनही अजून शिकवत आहेत. दिरंगाईचा हा रोग जुना आहे. ८३ तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायला हवं होतं, पण अमेरिकेहून येणारी इंजिनंच वेळेत आली नाहीत. याच प्रदर्शनात हवाई दलप्रमुखांनी एचएएलवरची नाराजी लपवली नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. स्वदेशीचा अभिमान आणि वेळेचा हिशेब दोन्ही एकाच वेळी मागायला हवेत.

एचएएलच्या दालनात फिरताना महाराष्ट्रातल्या दोन माणसांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. पहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. डिसेंबर १९४० मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, म्हैसूर संस्थानाच्या साथीने त्यांनी बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तीच आजची एचएएल. दुसरे डॉ. विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा हा मुलगा जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली शिकला. पंखावरून हवा कशी वाहते याचं आधुनिक शास्त्र ज्याने उभं केलं, तो हा प्रांटल. घाटगे परत आले आणि त्यांनी आखलेलं एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. भारतात आखलेलं आणि इथेच बांधलेलं ते पहिलं शक्तिचलित विमान, आणि तेही लढाऊ नाही, शिकवणीचं. हवाई दलाच्या आणि फ्लाइंग क्लबांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९६४ मध्ये उडालेलं किरणही घाटग्यांच्या हाताखालीच तयार झालं. पुढे सूर्यकिरण ज्यावर जन्मलं, ते हेच. आदल्या रात्री आमची बस संकेश्वरवरून गेली होती, तिथून गडहिंग्लज हाकेच्या अंतरावर आहे. त्या भागातल्या किती शाळांमधून हे नाव मुलांना सांगितलं जात असेल? सांगायला हवं.

संध्याकाळी गेटाबाहेर पडायला सकाळपेक्षा जास्त वेळ लागला. हेब्बाळला पोहोचेपर्यंत अंधार पडला. परतीच्या बसमध्ये चौघेही विमानांवर बोलत होतो, आणि भाचीचा मामा मधूनच हवाई दलाच्या दुंडीगल अकादमीत किती दिवस असतं, पुढे हकीमपेठला काय, बिदरला कधी जातात, असं विचारत राहिला.

तेव्हापासून बरंच घडलं आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए ओझरहून उडालं आणि त्याच दिवशी तिथे एचटीटी-४० च्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्‌घाटन झालं. आठवड्याभराने, २४ ऑक्टोबरला, मालिकेतलं पहिलं एचटीटी-४० बेंगळुरूत आकाशात गेलं. म्हणजे उद्याच्या वैमानिकांचं पहिलं विमान आता नाशिक जिल्ह्यातही बनणार आहे.

पुढच्या एरो इंडियाला जायचं ठरवलंत तर शनिवार-रविवारची वाट पाहू नका. सर्वसामान्यांचे दिवस २०२५ मध्ये गुरुवार-शुक्रवार होते. रजा आधीच टाका आणि परवडत असेल तर प्रदर्शनाचंही तिकीट घ्या. बारा-पंधरा वर्षांची मुलं घरात असतील तर त्यांना नक्की न्या. आणि एखादा दिवस जास्तीचा काढता आला, तर बेंगळुरूतच जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर एचएएलचं वारसा संग्रहालय आहे. घाटग्यांचं एचटी-२ तिथे ठेवलेलं आहे. सुखोईच्या आधी मुलांना ते दाखवा.